तुमचे प्रश्न: रायफलचं बॅरल बदलू का?

मागच्या अंकात खारीच्या शिकारीवर दोन परिच्छेद काय लिहिले, पत्रांचा ढीग आला, आणि त्यातली बहुतेक .22 रिमफायर रायफलचं (जिच्या काडतुसाला कडेवर ठोका बसतो) बॅरल बदलण्याबद्दल. ज्यांना शिकार हा विषयच नको असेल त्यांनी सरळ पान उलटावं, माझा राग नाही. बाकीच्यांना एवढंच सांगतो की मी बंदुकांचा दुकानदार नाही आणि कुठल्या कंपनीचा माणूसही नाही. पिंपरीच्या एका टूलरूममध्ये लेथ आणि ग्राइंडिंग शिकलो, पुढे मिशिगनला येऊन डाय बनवण्यात हयात गेली. माझी उत्तरं त्यामुळे मायक्रोमीटरच्या बाजूने जरा जास्तच झुकतात.

काका, माझ्याकडे रूगर 10/22 आहे, लाकडी दस्त्याची साधी कार्बाइन. वर 3 ते 9 पट मोठं दाखवणारी दुर्बीण. फॉक्स जातीच्या आणि करड्या खारींसाठी वापरते. 50 यार्डांवर गोळ्या दोन इंचांत पडतात, कधी त्याहून पसरतात. क्लबातले लोक म्हणतात, कंपनीचं बॅरल काढ आणि 20 इंची बुल बॅरल, म्हणजे जाडजूड बॅरल, टाक. तीनशेवर डॉलर घालू का?
— स. कु., कलामझू, मिशिगन

ताई, तुमची तक्रार रास्त आहे. खारीचं डोकं सव्वा ते दीड इंचाचं. गोळ्यांच्या दोन इंची पसाऱ्याने, म्हणजे ग्रुपने, डोक्यावर नेम धरला तर काही गोळ्या वाया जाणार आणि एखादी जबड्यात बसणार. जखमी खार ढोलीत जाऊन मरते, ते कुणालाच नको. म्हणजे सुधारणा हवीच. पण किती हवी, ते आधी ठरवू. 50 मीटर रायफलच्या स्पर्धेत दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेती झाली ती त्या वर्तुळावर, आणि स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं तेही त्यावरच. काडतूस तुमचंच, .22 लाँग रायफल. त्या दोघांना लागते ती अचूकता तुम्हाला लागत नाही. 50 यार्डांवर पाच गोळ्या एका इंचात, आणि त्या प्रत्येक वेळी, एवढं मिळालं की खारीचं काम झालं. हा आकडा डोक्यात ठेवून पैसे खर्च करा.

तुमच्या पत्रात बॅरलबद्दल पानभर आहे आणि काडतूस कुठलं वापरता याबद्दल एक ओळ नाही. रिमफायरमध्ये सगळी गोम तिथे असते. काडतुसाच्या कडेत भरलेलं प्रायमिंग, शिशाच्या गोळीचं वजन, दारूची मात्रा, यातलं काहीही आपल्याला घरी सुधारता येत नाही. सेंटरफायरवाले (ज्यांच्या काडतुसाचं प्रायमर बुडाच्या मधोमध असतं) आपलं काडतूस स्वतः भरतात, आपल्याला डबीत येईल ते घ्यावं लागतं. शिवाय एका रायफलला गोड लागणारं काडतूस शेजारच्या, त्याच मॉडेलच्या रायफलला कडू लागतं. तेव्हा पाच-सहा प्रकारांची एकेक डबी आणा: सीसीआयचं स्टँडर्ड व्हेलॉसिटी, एसके, एलीची एखादी स्वस्त डबी, एखादं हाय व्हेलॉसिटी होलो पॉइंट, आणि सध्या वापरता ते. वारा नसलेल्या सकाळी, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या लावून, प्रत्येकाचे पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप काढा. नवं काडतूस सुरू केलं की पहिल्या दहा गोळ्या मोजू नका, कारण प्रत्येक कंपनीचं गोळीवरचं वंगण वेगळं असतं आणि बॅरलला ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. मध्ये बॅरल साफ करू नका. जी डबी जिंकेल तिचा लॉट नंबर लिहून ठेवा आणि त्याच लॉटच्या जमतील तितक्या डब्या घ्या. पुढचा लॉट वेगळा वागू शकतो, तेव्हा दुकानदारावर चिडू नका.

मग स्क्रू. 10/22 चा दस्ता एकाच स्क्रूने रिसीव्हरला (यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या भागाला) धरलेला असतो. तो कधी ढिला, कधी करकचून आवळलेला, असं असेल तर ग्रुप भटकणारच. टॉर्क रेंच असेल तर पंधरा ते वीस इंच-पौंड ठेवा आणि दर वेळी तोच आकडा. कार्बाइनला पुढे बॅरल आणि लाकूड एकत्र बांधणारी पट्टी असते. सप्टेंबरच्या दमट हवेत लाकूड फुगलं की ती पट्टी बॅरलला ओढते, जानेवारीत लाकूड आक्रसलं की सोडते. पट्टी काढून एक डबी मारून बघा, फरक पडला तर पट्टी बाहेरच राहू द्या. दुर्बिणीच्या रिंगांचे स्क्रू तपासा. बॅरलच्या तोंडाच्या कडेवर कापसाची काडी आतून बाहेर फिरवा. धागा अडकला तर तिथे बर, म्हणजे धातूची बारीक कुस, आहे आणि सुटताना गोळीला धक्का बसतो. आणि ट्रिगर! कंपनीचा जुना ट्रिगर सहा पौंडांच्या आसपास ओढावा लागतो, रायफलचं वजन पाच पौंड. एवढा ओढताना नेम हलणार नाही तर काय होणार? रूगरचा स्वतःचा बीएक्स ट्रिगर पावणेतीन पौंडांचा येतो, दोन पिनांवर बसतो, आणि शिकारीत त्याचा उपयोग बॅरलपेक्षा आधी जाणवतो, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं करूनही इंचात येत नसेल तर बॅरल बदला, खुशाल बदला. 10/22 ची ती खासियतच आहे. 1964 साली रूगरने ही रायफल काढली तेव्हा बॅरल रिसीव्हरमध्ये आट्यांनी न बसवता सरकवून बसवलं आणि खालून व्ही-ब्लॉक आणि दोन स्क्रूंनी धरलं. त्यामुळे गनस्मिथकडे न जाता टेबलावर बॅरल बदलता येतं, आणि म्हणूनच या एका रायफलभोवती बॅरल बनवणाऱ्यांचा अख्खा धंदा उभा राहिला.

पण 20 इंची बुल बॅरल? तुम्ही बसून मारत नाही, ओक आणि हिकरीच्या रानात सकाळभर चालता. हिशेब करू या. बुल बॅरलचा व्यास 0.920 इंच, लांबी 20 इंच, मधलं भोक वजा करून साडेबारा घनइंच पोलाद. घनइंचाला 0.284 पौंडांप्रमाणे साडेतीन पौंड. तुमच्या सध्याच्या पाच पौंडी रायफलला एवढं नाकाशी लटकवलं की दुपारपर्यंत डावा खांदा तुमच्याशी बोलणं बंद करेल. बेंचवर बसून कागदाला भोकं पाडायची असतील तर तेच वजन गुणाचं, रायफल हलत नाही. शिवाय रिसीव्हर अॅल्युमिनियमचा, आणि बॅरल धरलंय फक्त मागच्या टोकाला. जड बॅरल पुढे लोंबकळत सोडलं तर व्ही-ब्लॉकवर सतत ओढ येते, कधीकधी बॅरल किंचित खाली झुकतं आणि दुर्बिणीचा वरचा क्लिक संपत येतो. जाड बॅरल कंपनीच्या दस्त्याच्या खोबणीत बसतही नाही. लाकूड कोरा किंवा नवा दस्ता घ्या. म्हणजे तीनशेचे पाचशे झाले.

तुमच्यासाठी मी निवडलं असतं ते साडेसोळा ते अठरा इंचांचं, कंपनीच्याच जाडीचं निमुळतं बॅरल. नाहीतर आत पोलादाची नळी आणि बाहेर अॅल्युमिनियम किंवा कार्बन फायबर, अशा प्रकारातलं. ते दिसायला बुल बॅरलसारखं, वजनाला निम्म्याहून कमी. लांबी कमी झाली म्हणून ताकद जाईल ही भीती सोडा. .22 ची चिमूटभर दारू सोळा-अठरा इंचांत जळून संपते. त्यापुढे बॅरल नुसतं गोळीला घासत राहतं. मात्र 16 इंचांच्या खाली एक सूतही जायचं नाही. त्याखाली फेडरल कायद्यात ती शॉर्ट बॅरल रायफल ठरते आणि 1934 च्या कायद्यानुसार नोंदणीचं प्रकरण सुरू होतं. तोंडाला आटे पाडलेलं बॅरल घेण्याआधी तुमच्या राज्याचा नियम बघा, काही राज्यांत सेमी-ऑटोमॅटिकवर ते चालत नाही.

चेंबर (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) कुठलं, हा प्रश्न विक्रेत्याला नक्की विचारा. कंपनीचं स्पोर्टिंग चेंबर ऐसपैस असतं, कुठलंही काडतूस, कितीही मळलेलं, आत जातं. मॅच चेंबर घट्ट, गोळीचं नाक रायफलिंगच्या, म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळाच्या, खाचांत रुतवून धरतं. अचूक, पण सेमी-ऑटोमॅटिकमध्ये अडतं, आणि न उडवलेलं काडतूस बाहेर काढताना गोळी आतच अडकून राहू शकते. या दोघांच्या मधलं बेंट्झ चेंबर. सेमी-ऑटोसाठीच काढलेलं, तेच घ्या. एक पथ्य: सीसीआय स्टिंगर त्यात घालू नका. त्याचं केस नेहमीच्या .22 पेक्षा लांब असतं.

वेगाबद्दलही ऐका, कारण दुकानात जास्त वेगाची डबी पुढे करतात. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची 40 ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला 1070 फुटांच्या आसपास सुटते, आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. हाय व्हेलॉसिटी बाराशे-साडेबाराशेला सुटते आणि वाटेत आवाजाची वेस उलट ओलांडते. तिथे ती डळमळते, आणि आडव्या वाऱ्यात हळू गोळीपेक्षा जास्त सरकते. उलटं वाटतं, पण वाऱ्याच्या दिवशी 100 यार्डांवर मारून बघा. 50 यार्डांवर शून्य केलेली, म्हणजे तिथे नेम जुळवलेली, हळू गोळी 75 ला दोनेक इंच आणि 100 ला सहा-सात इंच खाली जाते. खारीसाठी मी साठच्या पुढे जात नाही, मग बॅरल कुठलंही असो.

राहिला नियम. मिशिगनमध्ये खारींचा हंगाम 15 सप्टेंबर ते 31 मार्च, दिवसाला पाच. 15 ऑगस्ट ते 30 एप्रिल शिकारीत भगवा नारिंगी रंग अंगावर हवाच. आणि शेंड्यावरच्या खारीमागे नुसतं आभाळ दिसत असेल तर ट्रिगरला हात लावायचा नाही. .22 च्या डबीवरच लिहिलेलं असतं की गोळी मैलाच्या पुढे जाते. मागे जाड खोड आलं की मगच.

नवीन बॅरल आलं, पण रिसीव्हरमध्ये जातच नाही. अर्धं जाऊन अडकतं. मॅलेट मारू का?
— वि. जा., डेटन, ओहायो

मॅलेट खाली ठेवा. आधी रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, मॅगझिन बाहेर. आता मायक्रोमीटर असेल तर बॅरलच्या मागच्या शेंडीचा व्यास चार जागी मोजा, रिसीव्हरचं भोकही मोजा. बाजारातली चांगली बॅरल्स मुद्दाम एखाद-दीड थाऊ (इंचाचा हजारावा भाग) भरून देतात, कारण कंपनीचे रिसीव्हर मोकळे असतात आणि ढिल्या बॅरलपेक्षा घट्ट बॅरल बरं. तुमच्याकडे नेमका घट्ट रिसीव्हर आलाय. रिसीव्हरला हात लावू नका, त्याच्यावर नंबर आहे आणि तो अॅल्युमिनियमचा आहे, एकदा मोठा झाला की झाला. बॅरल घासायचं. 400 नंबरचा एमरी पेपर, मग 600 चा, तेल लावून, शेंडीभोवती पट्टी गुंडाळून सारखं फिरवत. दहा फेऱ्या, पुसा, लावून बघा, पुन्हा दहा फेऱ्या. अंगठ्याच्या दाबाने, हलक्या पिळ्याने आत जाईल आणि सोडलं तर आपोआप बाहेर घसरणार नाही, तिथे थांबा. बॅरल रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून बसवण्याची युक्तीही लोक सांगतात. बसतं त्याने, पण काढायची वेळ आली की रडवतं.

बसवताना एक्स्ट्रॅक्टरची (रिकामं केस ओढून काढणाऱ्या आकड्याची) खाच उजवीकडे एक्स्ट्रॅक्टरसमोरच आली पाहिजे. ती जरा जरी फिरली तर एक्स्ट्रॅक्टर पोलादावर आपटत राहतो आणि रिकामी केसेस निघत नाहीत. व्ही-ब्लॉक लावा, दोन्ही अॅलन स्क्रू बोटाने बसवा, मग आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच आधी पुरा आवळला तर बॅरल तिरकं ओढलं जातं. तिथले स्क्रू पोलादाचे, ब्लॉक पोलादाचा, पण पलीकडे अॅल्युमिनियम आहे हे मनगटाला आठवू द्या. आटे चिकटवणारं लॉकटाइट नको.

मग बोल्ट (काडतुसामागे मिटणारा सरकता ठोकळा) हाताने मागेपुढे करून बघा. काडतुसाची कड मावायला बोल्टच्या तोंडाशी किमान 43 थाऊ जागा लागते. 10/22 मध्ये ती बोल्टच्या खोबणीतून ठरते, बॅरलमधून नाही, म्हणून बहुतेकांना काही करावं लागत नाही. पण बोल्ट पूर्ण मिटत नसेल, किंवा रिकाम्या केसची कड फुगलेली वा तडकलेली दिसली, तर एकही गोळी न उडवता गनस्मिथकडे. पहिल्या गोळ्या एकेक भरून मारा, डोळ्यावर चष्मा घालून. चाललं, की मॅगझिन भरा.

आणि हो, नवं बॅरल बसलं की दुर्बीण पुन्हा शून्य करावी लागते. बॅरलच्या कॅटलॉगात हे कुणी लिहीत नाही, पण शनिवारी रानात जायचं असेल तर शुक्रवारी रेंजवर जा.

माझी मार्लिन मॉडेल 60 आहे, मित्राची सीझेड 457. दोघांनाही बॅरल बदलायचंय. काय करू?
— नि. प., सिनसिनाटी

मित्राचं सोपं आहे. 457 चं बॅरल दोन ग्रब स्क्रूंवर बसतं, अॅलन की आणि अर्धा तास. बोल्ट हाताने ओढायचा असल्यामुळे मॅच चेंबर तिथे बिनधास्त घ्यावं. खरं तर 457 बरोबर येणारं बॅरलच इतकं चांगलं असतं की मित्राला विचारा, त्याला नक्की काय दुखतंय?

तुमच्या मार्लिनचं बॅरल दाबून आणि पिन मारून बसवलेलं आहे, खाली नळीचं मॅगझिनही लागलेलं. काढता येतं, पण जेवढी मजुरी होईल तेवढ्यात दुसरी रायफल येते. मार्लिनला चांगलं काडतूस शोधा आणि आहे तशी वापरा. माझ्या पाहण्यातल्या मॉडेल 60 खारीच्या कामाला कधी कमी पडलेल्या नाहीत.

कॅलिफोर्नियात शिसं चालत नाही. तांब्याच्या गोळ्या माझ्या 10/22 मधून ताटाएवढ्या पसरतात. यावर बॅरल हाच उपाय का?
— अ. रा., फ्रेमाँट

1 जुलै 2019 पासून कॅलिफोर्नियात कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी बंद, हे बाकीच्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. त्यामागे काँडॉर गिधाडं आहेत. शिकाऱ्याने टाकलेल्या आतड्यांतलं शिसं खाऊन ती मरत होती, त्यामुळे या बंदीवर माझी कुरकुर नाही.

अडचण अशी आहे की .22 चं रायफलिंग शिशासाठी आखलेलं. 16 इंचांत एक फेरा, 40 ग्रेनची मऊ गोळी, खाचांत सहज दबणारी. सीसीआयची कॉपर-22 ही 21 ग्रेनची, सेकंदाला 1850 फुटांची. निम्मं वजन, कठीण अंग. ती काही बॅरलांतून बरी जाते, काहींतून नाही, आणि कुठल्यातून जाईल हे बॅरलची किंमत बघून सांगता येत नाही. म्हणून तुम्हालाही माझा सल्ला कलामझूच्या ताईंसारखाच, आधी काडतूस, मग बॅरल. शिसंमुक्त काडतुसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, ती सगळी मारून बघा. एकही दोन इंचांच्या आत आलं नाही तर नवं बॅरल घेताना परत करण्याची अट असलेल्या विक्रेत्याकडून घ्या. आणि तोवर अंतर कमी करा. 25 यार्डांवर ताट बशीचं होतं.

मी एच-वन-बी वर आहे. मित्राच्या रायफलला बॅरल बसवायला मदत केली, रेंजवर चार गोळ्या मारल्या. आता कुणी म्हणतं हा गुन्हा आहे.
— नाव देऊ नये, न्यू जर्सी

हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत, कारण आपल्यातल्या अनेक मुलांना याची कल्पनाच नसते. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. एच-वन-बी, एच-फोर, विद्यार्थ्यांचा एफ-वन, सगळे त्यात आले. रेंजवर भाड्याने घेतलेली रायफल हातात धरणं हेही बाळगणंच मानलं जाऊ शकतं. याला ठरावीक अपवाद आहेत. त्यातला तुमच्या कामाचा एक: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं वैध शिकार लायसन्स तुमच्याकडे असणं. वैध म्हणजे त्या दिवशी मुदत न संपलेलं. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही, राज्याचे नियम मात्र त्यांनाही पाळावे लागतात, आणि न्यू जर्सीत ते कडक आहेत.

नुसतं बॅरल फेडरल कायद्यात बंदूक धरत नाहीत, नंबर असलेला रिसीव्हर ही बंदूक. म्हणून बरीच राज्यं बॅरल टपालाने घरी येऊ देतात. पण तुम्ही ते रिसीव्हरला लावलंत म्हणजे रायफल हाताळलीत. झाल्या गोष्टीबद्दल मला पत्र लिहू नका, कुणाला ईमेलही करू नका, इमिग्रेशन वकिलाकडे जाऊन समोरासमोर बोला. ग्रीन कार्डाची फाईल रांगेत असताना चार गोळ्यांची हौस परवडणारी नाही.

माझ्या भावाकडे साताऱ्याजवळ गावी आजोबांची परवान्याची .22 बर्नो रायफल आहे. बॅरल झिजलंय. दिवाळीत जाताना बॅगेतून एक बॅरल घेऊन जाऊ का? शेतात ससे फार झालेत.
— प्र. मो., एडिसन, न्यू जर्सी

नाही. नाही. आणि तिसऱ्यांदा, नाही.

भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या व्याख्येतच शस्त्राचे भाग येतात. बॅरल म्हणजे शस्त्र, आणि परवान्याशिवाय ते देशात आणणं हा गुन्हा. इकडून नेतानाही ते अमेरिकेच्या निर्यात नियमांत अडकतं. विमानतळावर तुम्ही कितीही समजावून सांगा की ही नुसती नळी आहे, समोरचा अधिकारी तसा मानणार नाही आणि त्याने मानूही नये. भावाने रायफल परवान्यासकट शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे न्यावी. भारतात बंदूक दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो, गावातल्या लेथवाल्याकडे हे काम द्यायचं नाही. बॅरल आखूड करायचं मनात असेल तर त्यालाही कायद्यात वेगळी अट आहे.

आणि बॅरल खरंच झिजलंय का? .22 चं बॅरल शिशाच्या गोळ्यांनी सहसा झिजत नाही, हजारो गोळ्या पचवतं. आजोबांच्या काळातल्या बॅरलला बहुतेक वेळा गंज खातो, नाहीतर वर्षानुवर्षांचं शिसं चिकटलेलं असतं. कारागिराला आधी नीट साफ करून आत उजेड टाकून बघायला सांगा. खाचा दिसल्या तर बर्नो अजून भावाच्या नातवाला पुरेल.

ससे मात्र विसरा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडचा ससा संरक्षित आहे आणि शिकारीला बंदी आहे, शेत स्वतःचं असलं तरी. पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याकडे अर्ज करून भरपाईचं विचारावं. मिशिगनचा कॉटनटेल आणि साताऱ्याचा ससा दिसायला चुलतभाऊ असले तरी कायद्याच्या लेखी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

इकडे जानेवारीत रायफल नीट वागत नाही. नोव्हेंबरात इंचात मारायची, आता उडतच नाही कधीकधी.
— श. भि., डुलूथ, मिनेसोटा

बोल्टमधलं तेल पुसून काढा, अगदी कोरडा करा. थंडीत ते घट्ट होतं, फायरिंग पिन हळू पडते आणि कडेतलं प्रायमिंग पेटत नाही. दुसरं, थंडीत आवाजाचा वेगही उतरतो. उणे 7 सेल्सियसला तो सेकंदाला 1073 फुटांवर येतो, म्हणजे तुमच्या स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळीच्या जवळजवळ बरोबरीला. थंडीने गोळीही थोडी मंदावते, पण दोघं एकमेकांना किती धरून मंदावतील याचा भरवसा नाही. काडतुसं आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा, हिवाळ्यासाठी सबसॉनिक (आवाजापेक्षा हळू गोळीची) डबी वेगळी तपासा आणि शून्य पुन्हा बघा. बॅरलचा यात काही दोष नाही.

जुन्या बॅरलचं काय करू? आणि नवं किती वेळा साफ करायचं?
— मे. गो., ग्रँड रॅपिड्स

साफसफाई कमी करा. ग्रुप पसरायला लागले की चेंबरच्या लगेच पुढे जमलेली काजळीची कडी ब्रशने काढा, एक-दोन ओली चिंधी, एक कोरडी, बस. साफ केल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या भरकटतात, त्यामुळे हंगामाच्या आदल्या संध्याकाळी साफ करण्याचा उत्साह दाखवू नका. 10/22 चं बॅरल तोंडाकडून साफ करावं लागतं, मागून सळई जात नाही. तोंडाच्या कडेला सळई घासू नये म्हणून गाइड वापरा, नाहीतर मागून ओढायची साफसफाईची दोरी, बोअर स्नेक.

जुनं बॅरल विकू नका, पन्नास डॉलरही येत नाहीत. आतून-बाहेरून तेल लावून ठेवून द्या. रायफल कधी विकायची झाली तर ते परत चढवा आणि नवं बॅरल वेगळं विका. बदललेल्या रायफलला गिऱ्हाईक लागलेला खर्च देत नाही, सुट्या बॅरलला देतं.